न विचारण्याचा बट्टा

भाईंदर पश्चिमेहून निघून मुर्धा, राई, मोर्वा ही गावे मागे टाकीत जो रस्ता उत्तनच्या किनाऱ्याला जाऊन भिडतो तो, आणि मीरा रोडच्या उंच इमारतींच्या दाटीत जो रस्ता शिरतो तो, असे दोन्ही रस्ते एकाच महानगरपालिकेच्या हद्दीत आहेत आणि दोन्हीकडची घरपट्टी एकाच दप्तरात जमा होते. परंतु या दोन टोकांना व्यवहाराच्या ज्या दोन रीती दिसून आल्या, त्यांच्यातील अंतर मैलांनी मोजता येण्याजोगे नाही. उत्तनच्या बंदरावर मासळीचा सौदा उघड्यावर होतो. होडी कोणाची, तांडेल कोण, म्हावरे कालचे की आजचे, घेणारी कोण आणि उधारी कोणाच्या नावावर चढली, हे तेथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि भावाची घासाघीस कितीही झाली तरी देणाऱ्याची व घेणाऱ्याची ओळख हा सौद्याचा पायाच असतो. मीरा रोडला 2016 साली जो धंदा उजेडात आला त्याचे सारे भांडवल याच्या नेमके उलट होते: पैसा कोणाचा, कोणाकडून आला आणि कोणाकडे चालला, हे साखळीतल्या कोणालाही विचारावे लागू नये, अशी त्याची रचनाच होती.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने मीरा रोड येथील हरिओम आयटी पार्क आणि आसपासच्या इमारतींतील कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले आणि सातशेहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेतले. त्यांपैकी सुमारे सत्तर जणांना अटक झाली. ही मुले अमेरिकेतील अनोळखी माणसांना दूरध्वनी करीत, आपण तेथील प्राप्तिकर खात्याचे अंमलदार आहोत असे भासवीत, कर थकल्याबद्दल काही तासांत पोलीस दारात येतील असा धाक घालीत, आणि घाबरलेल्या माणसाला सुटकेचा मार्ग म्हणून जवळच्या दुकानातून आयट्यून्सची गिफ्ट कार्डे विकत घ्यावयास लावून त्यांच्या पाठीवरचे आकडे वाचून दाखवावयास सांगत. फसणाऱ्यांत वृद्ध पुष्कळ होते, आणि ज्यांना परक्या देशातील सरकारी कागदाचे भय जन्मभर सुटत नाही असे, आपल्याच उपखंडातून तिकडे जाऊन वसलेले लोकही पुष्कळ होते.

त्याच महिन्याच्या 27 तारखेस अमेरिकेच्या न्यायखात्याने ह्यूस्टन येथील न्यायालयातील जे आरोपपत्र जाहीर केले, त्यात अहमदाबादच्या पाच कॉल सेंटरांसह एकंदर 61 आरोपी होते आणि फसवणुकीची एकूण रक्कम कोट्यवधी डॉलरांत सांगितलेली होती. 2018 च्या जुलैमध्ये त्या खटल्यातील अमेरिकेत राहणाऱ्या एकवीस जणांना शिक्षा झाल्या, काहींना वीस वर्षांपर्यंतच्या. हे एकवीस लोक बहुतांशी फोन करणारे नव्हते. ते पैसा फिरवणारे होते. चोरलेल्या ओळखींवर नोंदलेली भरणा-कार्डे वापरणे, त्यांतील रक्कम मनीऑर्डरींत पालटणे, ती तिसऱ्याच्या खात्यात भरणे, आणि प्रत्येक पायरीवर आपला टक्का कापून घेणे, हेच त्यांचे काम. माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्म तेथेच आहे, आणि आपल्याकडे त्याकडेच लक्ष सर्वांत कमी गेले. वर्तमानपत्रांनी त्या मुलांच्या इंग्रजी उच्चारांच्या शिकवणीचे रसभरीत वर्णन केले. अमेरिकेतल्या एका दुकानातल्या कार्डावरचा आकडा अखेरीस रोख पैसा कसा झाला, हा प्रश्न मात्र बातमीच्या शेवटच्या परिच्छेदातही क्वचितच आला.

तो कसा होतो हे समजून घेण्यासाठी गिफ्ट कार्ड ही वस्तू काय आहे ते पाहिले पाहिजे. ती नोट नाही, चेक नाही आणि वस्तूही नाही. ती एका व्यापाऱ्याने आगाऊ पैसे घेऊन दिलेले वचन आहे, आणि ते वचन कोणा माणसाला दिलेले नसून एका आकड्याला दिलेले आहे. आकडा ज्याच्या हाती तो धनी. चोराच्या दृष्टीने यासारखी सोय दुसरी नाही. एखाद्याच्या क्रेडिट कार्डाची माहिती चोरून तिच्यावर दूरचित्रवाणी संच मागवावा तर तो कोठल्यातरी पत्त्यावर यावा लागतो, कोणीतरी सही करून तो घ्यावा लागतो. पण त्याच कार्डावर गिफ्ट कार्ड घेतले तर माल येतो तो ईमेलवर, क्षणात, आणि त्याला पत्ता लागत नाही. आपल्या देशात रिझर्व्ह बँकेने 2009 पासून घरबसल्या केलेल्या कार्डव्यवहारांना दुसऱ्या खातरजमेची अट घातली, आणि 1 ऑक्टोबर 2022 पासून व्यापाऱ्यांना ग्राहकाच्या कार्डाचा मूळ क्रमांक साठवून ठेवण्यास मनाई केली. या दोन्ही गोष्टींनी चोरीचा मार्ग पुष्कळ अरुंद झाला हे कबूल केले पाहिजे. परंतु जो चोर गोड बोलून किंवा धाक घालून ओटीपीच काढून घेतो त्याच्यापुढे ही तटबंदी उभी राहत नाही, आणि त्यालाही लुटीचा माल झटपट पालटायचा असतोच.

आपल्या व्यापाराला नाव नसलेल्या वचनपत्रांची ओळख नव्हती असे नाही. दोनशे वर्षांहूनही आधी पुण्याहून काशीला पैसा पाठवायचा तर रस्त्यात पेंढाऱ्यांची भीती, म्हणून सराफाच्या पेढीवरून हुंडी घेतली जाई, आणि हुंडीचा कागद चोरीला जाऊ शकतो हे सराफ पुरते जाणून होते. म्हणून त्यांनी हुंड्यांचे प्रकार पाडले. ज्याच्या हाती असेल त्याला पैसे मिळावेत अशी देखणहार हुंडी होती. नाव घातलेल्या धन्यालाच पैसे मिळावेत अशी धनीजोग हुंडी होती. आणि या दोहोंच्या मधली, माझ्या दृष्टीने आपल्या व्यापारी बुद्धीची सर्वांत सुंदर निर्मिती म्हणावी अशी, शहाजोग हुंडी होती. तिच्यावर धन्याचे नाव नसले तरी चाले, पण ती हजर करणारा माणूस बाजारात पत असलेला, चारचौघांना ठाऊक असलेला 'शहा' असावा लागे. आणि उद्या ती हुंडी चोरीची किंवा बनावट ठरली तर घेतलेली रक्कम परत करण्याची जबाबदारी त्या शहावर येई. एवढ्यामुळे साखळीतला प्रत्येक जण हुंडी घेण्याआधी देणाऱ्याला विचारू लागे की, बाबा, ही तुला कोठून मिळाली? कायद्याचा शिपाई दारात नसतानाही तो प्रश्न विचारला जाई, कारण न विचारण्याचा तोटा ज्याच्या त्याच्या गाठीला होता. ही प्रथा इतकी रुजलेली होती की 1881 च्या परक्राम्य संलेख कायद्याने इंग्रजी हुंडणावळीचे नियम आणताना देशी भाषांतील दस्तऐवजांबाबतचे स्थानिक रिवाज राखून ठेवले.

गिफ्ट कार्ड ही शहा वगळलेली हुंडी आहे. तिच्यात पैसा घेऊन पळण्याची सोय तेवढी ठेवली, विचारण्याची जबाबदारी मात्र कोणावरच ठेवली नाही.

आता बट्ट्याकडे वळतो. पेशवाईत चांदवडी, अंकुशी असे नाना शिक्क्यांचे रुपये एकाच बाजारात फिरत आणि एकाचा दुसरा करून घेताना सराफ बट्टा कापी. पण त्या बट्ट्याला कारण असे, धातूचा कस, नाण्याची झीज, टांकसाळीचे अंतर, आणि विचारले तर तो ते सांगू शके. चोरीच्या कार्डावर घेतलेले गिफ्ट कार्ड जेव्हा कोण्या टेलिग्रामच्या समूहात विकावयास येते, तेव्हा समजा हजार रुपयांचे कार्ड सातशेला मिळते. ते तीनशे रुपये कशाचे? कार्ड कालचे की आजचे याने त्याची किंमत बदलत नाही. त्यावरचे हजार रुपये दुकानात पुरे हजारच आहेत. मोठ्या खरेदीवर मिळणारी दोनचार टक्क्यांची सवलत समजू शकते, तिला व्यापारी कारण आहे. तीस टक्क्यांना व्यापारी कारण नाही. ते तीनशे रुपये म्हणजे एक प्रश्न गिळल्याबद्दल घेणाऱ्याने घेतलेला मोबदला आहे, आणि म्हणून माझे म्हणणे असे की ज्या क्षणी त्याने तो भाव मान्य केला त्या क्षणी त्याने आपल्याला काय ठाऊक आहे याचा दाखला स्वतःच्या हाताने लिहून दिला.

कायद्याची भूमिका याहून वेगळी नाही. चोरीचा माल घेणाऱ्याला 1860 च्या दंडसंहितेतील कलम 411 प्रमाणे तो माल चोरीचा असल्याचे निश्चित ठाऊक असावे लागत नसे. तसे मानण्यास कारण होते, एवढे पुरे होई. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 ने त्यात एक मोलाची भर घातली: चोरी, खंडणी व लूट यांच्या जोडीला फसवणुकीने हस्तांतरित झालेली मालमत्ताही चोरीच्या मालाच्या व्याख्येत आणली. ओटीपी काढून घेऊन केलेल्या लुबाडणुकीचा पैसा पुढे घेणाऱ्याला, ही तर फसवणूक होती, चोरी कोठे होती, असा बचाव आता करता येणार नाही.

पुढची पायरी क्रिप्टोची. सातशेला घेतलेले कार्ड असो की भाड्याच्या बँक खात्यात उतरवलेली रक्कम असो, तिला देशाच्या वेशीबाहेर काढण्यासाठी आज बहुधा यूएसडीटी नावाचे डॉलरशी बांधलेले आभासी चलन वापरतात, आणि ते विकत घेण्याचा मार्ग म्हणजे 'पीटूपी', माणसामाणसांतला थेट सौदा. विकणारा आपले चलन मंचाकडे अडकवून ठेवतो, घेणारा त्याच्या बँक खात्यात यूपीआयने किंवा आयएमपीएसने रुपये पाठवतो, रुपये पोचल्याचे विकणाऱ्याने कबूल केले की मंच ते चलन सोडतो. मंचाने हाताळले ते फक्त चलन. रुपये कोणाच्या खात्यातून आले ते त्याने पाहिलेच नाही. परदेशांत तर गिफ्ट कार्ड देऊन बिटकॉइन घ्यावे असे थेट बाजारच उभे राहिले होते. 2015 साली निघालेल्या पॅक्सफुल या मंचावर हा सौदा राजरोस चाले, आणि त्याच्या एका संस्थापकाने 2024 मध्ये अमेरिकेतील न्यायालयात कबुली दिली की काळ्या पैशाला आळा घालण्याची परिणामकारक व्यवस्था आपण जाणूनबुजून ठेवली नाही. येथेही बट्टा आहे, फक्त तो उलट्या दिशेने वाहतो. आपल्याकडे पीटूपीत यूएसडीटीचा भाव डॉलरच्या विनिमयदरापेक्षा थोडा चढा असतो, त्याला मागणीपुरवठ्याची प्रामाणिक कारणेही आहेत. पण एखादा अनोळखी गिऱ्हाईक चालू बाजारभावाहून डोळ्यांत भरेल इतकी जास्त रक्कम देऊ करतो, वरून एकाऐवजी चार निरनिराळ्या नावांच्या खात्यांतून पैसे पाठवतो, तेव्हा ती वरची रक्कम घेणाऱ्याने ती कशासाठी मिळते आहे हे ठाऊक नसल्याचे सांगू नये.

या युक्तिवादावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही टाळण्यासारखे नाहीत.

पहिला आक्षेप असा की, साखळीच्या खालच्या टोकाला असलेली माणसे गरीब किंवा बेकार असतात. मीरा रोडची मुले पगारावर ठेवलेली होती, आपले खाते महिन्याच्या बोलीवर दुसऱ्याला वापरू देणारा कॉलेजचा पोरगा चार पैशांसाठी ते करतो, आणि खरा म्होरक्या दुबईत किंवा आणखी कोठे सुरक्षित बसलेला असतो. यातील वस्तुस्थिती खरी आहे. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर 11 आणि 13 ऑगस्ट 2018 रोजी जो दरोडा पडला, ज्यात बँकेच्या एटीएम यंत्रणेला बनावट उत्तरे द्यावयास लावून, बनवलेल्या कार्डांनी 28 देशांतून पैसे काढून आणि पुढे हाँगकाँगच्या एका खात्यात रक्कम वळवून एकूण 94 कोटी रुपयांहून अधिक रक्कम नेली, त्या खटल्यात 2023 च्या एप्रिलमध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. पण हे अकरा जण त्या कटाचा मेंदू नव्हते. कोल्हापुरासारख्या ठिकाणी एटीएमपुढे उभे राहून बनावट कार्डांनी नोटा काढणाऱ्या हातांच्या जवळपासचीच ही माणसे होती. तेव्हा कायदा खालच्या टोकाशीच थांबतो ही तक्रार रास्त आहे. परंतु तिच्यातून खालचे टोक निर्दोष आहे असे निघत नाही. वरचा माणूस परदेशात बसून जो उद्योग करतो तो येथल्या या भाड्याच्या नावांवाचून एक दिवसही चालणार नाही. तो तंत्र विकत घेऊ शकतो, बुद्धी विकत घेऊ शकतो, पण कागदोपत्री ओळख असलेला जिवंत माणूस त्याला येथूनच उभा करावा लागतो. बेकार तरुणाबद्दल मला कळवळा आहे, आणि न्यायाधीशाने शिक्षा ठरवताना त्याच्या परिस्थितीचा विचार करावा असेही मला वाटते. मात्र ज्या वृद्धेने आयुष्याची पुंजी घालवली तिचे दुःख या कळवळ्याच्या हिशेबात वजा होता कामा नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो निरपराधांच्या बाजूने येतो. बँक खाते ही मालमत्ता असून पोलीस ते गोठवू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र राज्य विरुद्ध तापस नियोगी या 1999 च्या निकालातच मान्य केले. पण त्या काळी खाते गोठवणे ही विरळ गोष्ट होती. आज सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत-क्रमांकावर एक फिर्याद नोंदली की पैसा ज्या ज्या खात्यांतून गेला त्या साखळीवर भराभर टाच येते, आणि साखळीचा माग काढताना यंत्र हे पाहत नाही की तिसऱ्या पायरीच्या माणसाने तो पैसा कशाच्या बदल्यात घेतला. उत्तनच्या बाजारात सुकवलेल्या बोंबलांचा वाटा विकणाऱ्या बाईला एखाद्या गिऱ्हाइकाने चारशे रुपये यूपीआयने दिले, आणि ते चारशे रुपये चार पायऱ्यांपूर्वी कोणाच्या चोरलेल्या कार्डातून निघालेले असले, तर तिचे अख्खे खाते अडकू शकते. छोट्या विक्रेत्यांवर देशात ठिकठिकाणी ही वेळ आलेली आहे. परराज्यातल्या कोण्या पोलीस ठाण्याचे पत्र, बँकेच्या शाखेत दहा हेलपाटे, आणि दरम्यान खलाशांचा पगार व डिझेलचे पैसे थकलेले, ही शिक्षा तिने कोणत्या कसुरीबद्दल भोगायची?

बट्ट्याची कसोटी नेमकी येथेच उपयोगाला येते. त्या बाईने बोंबलाचा वाटा बाजारभावाने दिला. तिला एक पैसा अधिक मिळाला नाही, तिने काही गिळले नाही. तिच्या सौद्यात माल खरा आहे, भाव चालू आहे, गिऱ्हाईक समोर उभे होते. याउलट ज्याच्या खात्यात एका दिवसात अनोळखी खात्यांतले लाख रुपये येऊन तासाभरात पुढे जातात आणि मागे ठरावीक टक्का तेवढा उरतो, त्याच्या खात्याची नोंदच त्याच्याविरुद्ध साक्ष देते. दोघांच्याही खात्यात डागाळलेला पैसा आला, म्हणून दोघांना एकाच टाचेखाली आणणे हा न्यायाचा आळस आहे. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये असा मार्ग दाखवला की संशयित रक्कम ठरलेली असेल तर टाच तेवढ्या रकमेपुरतीच असावी, साऱ्या खात्यावर नव्हे. तो मार्ग देशभर नियम म्हणून स्वीकारला जावा, आणि पुढे जाऊन असेही ठरावे की चालू भावाने माल किंवा श्रम दिल्याचा प्रथमदर्शनी पुरावा देणाऱ्याची टाच ठरावीक दिवसांत उठलीच पाहिजे. त्यासाठी मासळीवालीला पावतीपुस्तक ठेवा म्हणून सांगण्याऐवजी पोलिसांनीच सौद्याचे स्वरूप पाहावे.

नावाचा आग्रह धरला की स्वातंत्र्याचा संकोच होतो, रोख नोटेलाही नाव नसते, मग आकड्याला का असावे, असेही म्हणणारे आहेत. रोख नोट हातातून हातात जाते आणि तेवढ्याच वेगाने जाते, म्हणून तिच्या निनावीपणाची झळ मर्यादित राहते. हजार मैलांवरून क्षणात उडणाऱ्या आकड्याला ती मर्यादा नाही. शिवाय आपले राज्य निनावीपणाबाबत इतके उदारही नाही. 2008 साली 'कुबेर' ही मासेमारी नौका बळकावून दहशतवादी मुंबईत उतरले, त्यानंतर किनाऱ्यावरच्या साध्या खलाशालाही बायोमेट्रिक ओळखपत्रावाचून समुद्रात जाण्याची मुभा राहिली नाही, आणि उत्तनच्या कोळ्यांनाही हे स्वीकारावे लागले. पोटासाठी समुद्रात जाणाऱ्याकडून राज्य जर एवढी ओळख मागते, तर निनावी आकड्यांच्या विक्रीवर नफा कमावणाऱ्या बड्या कंपन्यांकडून काय मागते, हे तपासण्याचा अधिकार त्या खलाशाला आहे.

क्रिप्टोच्या बाजूला काही मागितले जाऊ लागले आहे. 7 मार्च 2023 च्या अधिसूचनेने आभासी मालमत्तेचे व्यवहार करणाऱ्या संस्था काळ्या पैशाच्या प्रतिबंधाच्या 2002 च्या कायद्याखाली आल्या. ग्राहकाची ओळख पटवणे आणि संशयास्पद व्यवहार केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाला कळवणे त्यांच्यावर बंधनकारक झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नऊ परदेशी मंचांना नोटिसा गेल्या, आणि 2024 च्या जूनमध्ये त्यांपैकी बायनान्सला 18.82 कोटी रुपयांचा दंड झाला. शहा पुन्हा नेमण्याचाच हा प्रयत्न आहे, आणि तो योग्य दिशेचा आहे, जरी मंचाने रुपयांच्या बाजूकडे पाठ फिरवण्याची सोय त्याने पुरती बंद केलेली नाही.

गिफ्ट कार्डांच्या बाजूला मात्र काम अर्धेच झाले आहे. रिझर्व्ह बँकेने भेट-पत्राची मर्यादा दहा हजार रुपये ठेवली, त्यात पुन्हा भरणा करण्यास आणि त्यातून रोख काढण्यास मनाई केली. पण आकडा दुसऱ्याला विकण्यापासून कोणी कोणाला रोखू शकत नाही, आणि जी कंपनी एकाच दिवशी एकाच कार्डावर दहादहा हजारांची पत्रे एकापाठोपाठ विकते तिला या विक्रीबद्दल पुढे काही भोगावे लागत नाही. अमेरिकेत अ‍ॅपल कंपनीवर फसवल्या गेलेल्या लोकांनी 2020 मध्ये दावा लावला, आणि त्यांचे म्हणणे असे होते की चोरांनी वापरलेल्या कार्डांतून झालेल्या खरेदीवरही कंपनीने आपला तीस टक्के हिस्सा ठेवून घेतला. कंपनीने दोष कबूल केला नाही, पण 3.5 कोटी डॉलर देऊन तो दावा मिटवला. मेरीलँड राज्याने 2024 मध्ये कायदाच केला, ज्याने कार्डांच्या सुरक्षित वेष्टनाबरोबर विक्रेत्यांच्या नोकरांना फसवणूक ओळखण्याचे शिक्षण देणेही सक्तीचे झाले. न विचारण्याचा तोटा विकणाऱ्याच्याही गाठीला असावा, हे जे एक तत्त्व या दोन्ही घटनांत दिसते ते आपल्या सराफांना ठाऊक होते. आकडा विकणाऱ्याने चोरीची फिर्याद आल्यापासून ठरावीक तासांच्या आत तो आकडा बंद केला नाही, तर त्या आकड्याची पूर्ण रक्कम त्यानेच मूळ धन्याला भरून द्यावी, असा एक नियम रिझर्व्ह बँकेने केला तर दुकानदारापासून मंचापर्यंत प्रत्येक जण दुसऱ्याच दिवशी विचारू लागेल. आणि 2017 च्या जुलैमध्ये याच बँकेने, ग्राहकाची चूक नसताना त्रयस्थाने केलेल्या गैरव्यवहाराची खबर त्याने तीन कामकाजी दिवसांत दिली तर त्याच्यावर कोणतीही जबाबदारी नाही, असा नियम बँकांवर घातलेला आहेच. तो भार बँकांनी उचलला, तरी त्यांचा धंदा बुडाला नाही. गिफ्ट कार्डांच्या कंपन्यांनाही तो पेलेल.